आझाद दरख्त : एक नाव, दोन झाडे आणि एक मांजर

#थ्रेड #इतिहास

इ. स. १७५३. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस 'स्पीशीज प्लान्टारम' हा आपला महाग्रंथ प्रसिद्ध करतो. त्यात एकाच प्रजातीत दोन झाडे नोंदलेली आहेत : 'मेलिया ॲझॅडेरॅक' आणि 'मेलिया ॲझॅडिरॅक्टा'. नावांत फरक दोनतीन अक्षरांचा. यांतील पहिल्या झाडाची फळे खाऊन डुकरे दगावतात. दुसऱ्याची पाने महाराष्ट्रात गुढीपाडव्याच्या सकाळी गुळाबरोबर खाल्ली जातात.

पहिले झाड म्हणजे बकाण निंब, दुसरे आपला कडुनिंब. दोन्ही सावलीसाठी लावली जातात, दोघांनाही इंग्रजीत 'इंडियन लायलॅक' म्हटले गेले आहे, आणि दोघांच्याही सावलीत मांजरे निजतात. 'निंबाचे झाड पाळीव मांजराला घातक आहे काय?' या प्रश्नाची परस्परविरोधी उत्तरे सापडतात याचे मूळ कारण हेच. उत्तर देणारे दोघेही खरे बोलत असतात. मात्र बोलत असतात दोन निराळ्या झाडांविषयी.

हा घोळ केवळ पंडिती नाही. त्यापायी कोणी अंगणातला निरुपद्रवी कडुनिंब तोडून टाकतो, तर कोणी बकाणालाच कडुनिंब समजून 'औषधी झाड आहे, काय होणार?' म्हणत ओकाऱ्या करणाऱ्या जनावराकडे दुर्लक्ष करतो. म्हणून आधी नावाचा इतिहास पाहावा, मग मांजराकडे वळावे.

नावाचे मूळ फारसी आहे : आझाद दरख्त. दरख्त म्हणजे वृक्ष. आझाद म्हणजे मुक्त, आणि जुन्या अर्थाने कुलीन, थोर. वसंतात जांभळट फुलांच्या घोसांनी लहडणाऱ्या, मंद सुगंध असलेल्या बकाणाला इराणी माणसाने थोर म्हणावे यात नवल नाही. परंतु वैद्यांचे मत वेगळे होते. इब्न सीना (९८०–१०३७) याच्या 'कानून' या वैद्यकग्रंथात आझाददरख्ताची नोंद आहे ती विषारी झाड म्हणून. सौंदर्यावरून पडलेले नाव आणि विषाची ख्याती ही दोन्ही ओझी या झाडाने किमान एक हजार वर्षे एकत्र वाहिली आहेत.

भारतीय निघंटुकारांनी हीच गोष्ट अधिक स्पष्ट शब्दांत नोंदवली. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या 'भावप्रकाशा'त कडुनिंब आणि महानिंब यांची नोंद स्वतंत्र आहे. महानिंबाच्या पर्यायनामांत 'द्रेका' आहे, 'रम्यक' आहे आणि 'विषमुष्टिक'ही आहे. पंजाबात आजही बकाणाला 'धरेक' म्हणतात. 'द्रेका'शी असलेले त्याचे साम्य उघड आहे. रम्यक म्हणजे रमणीय आणि विषमुष्टिक म्हणजे मूठभर विष. इराणात लोकांनी एक म्हटले आणि वैद्याने दुसरे. इथे एकाच यादीत दोन्ही बसवली आहेत. (विषमुष्टी हे नाव इतरत्र कुचल्यालाही दिलेले आढळते. निघंटू वाचताना एका नावावरून झाड ठरवण्याची घाई करू नये, ती यासाठी.)

मग कडुनिंबाला तेच फारसी नाव कसे चिकटले? इराणातून आलेल्या हकिमांना भारतात एक झाड दिसले : पानांची कातरण ओळखीची, साल कडू, फळे तशीच पिवळी. त्यांनी त्याला 'आझाद-दरख्त-ए-हिंदी' म्हटले. परक्या मुलुखातील वस्तूला आपल्या मुलुखातील जवळच्या वस्तूचे नाव द्यावे ही प्रवाशांची जुनी रीत. पुढे युरोपीय लेखकांनी नाव उचलले आणि 'हिंदी' हे विशेषण वाटेत गळून पडले. घोटाळा झाला तो इथे.

कडुनिंब युरोपच्या अभ्यासिकेत पोहोचला तो मलबारच्या वाटेने. कोचीचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याने १६७८ ते १६९३ या काळात 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध करवला. त्यात कडुनिंब 'आर्य-वेप्पू' या मलयाळी नावाच्या लॅटिन रूपाखाली आहे. या ग्रंथामागे इट्टी अच्युतन हा मलयाळी वैद्य होता, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्यही होते. १६७५ साली त्या तिघांनी दिलेले साक्षीपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत, कोकणी भाषेत छापलेले आहे. नागरी अक्षरे छापील पुस्तकात उमटल्याच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांपैकी हे एक होय. वनस्पतींची कोकणी नावेही त्या ग्रंथात सापडतात.

लिनीअस स्वतः भारतात कधीच आला नाही. त्याच्यापुढे होती ती ऱ्हेडेसारख्यांची पुस्तके, चित्रे आणि वाळवलेले नमुने. त्याने दोन्ही झाडे 'मेलिया' या प्रजातीत घातली. मेलिया हे ॲश नावाच्या युरोपीय वृक्षाचे ग्रीक नाव; पाने तशी दिसतात एवढाच संबंध. दोन्ही जातींना मात्र त्याने एकाच फारसी शब्दाची दोन अपभ्रष्ट रूपे वाटून दिली. ही गाठ ७७ वर्षांनी सुटली. १८३० साली आद्रियँ द ज्युसिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने कडुनिंबासाठी 'ॲझॅडिरॅक्टा' ही स्वतंत्र प्रजाती निर्माण केली आणि कडुनिंब 'ॲझॅडिरॅक्टा इंडिका' झाला. शास्त्रापुरता प्रश्न मिटला. बाजारातील नावे, रोपवाटिकांच्या पाट्या आणि घरगुती इंग्रजी यांना ज्युसिएचा निबंध कोणी वाचून दाखवला नाही.

ओळख पटवणे अवघड नाही, आणि या साऱ्या प्रकरणात सर्वांत उपयोगी गोष्ट तीच आहे. कडुनिंबाचे पान एकदाच विभागलेले असते : मधला देठ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कोयत्यासारख्या वाकड्या, करवती कडांच्या पर्णिका. बकाणाचे पान दोनदा, क्वचित तीनदा विभागलेले असते. मुख्य देठाला उपदेठ आणि त्या उपदेठांवर पर्णिका. कडुनिंबाची फुले पांढरी. बकाणाची फिकट जांभळी, मध्ये गडद जांभळी नळी. कडुनिंबाची निंबोळी लांबट असते आणि पावसाळ्याच्या सुमारास पिकून गळते. बकाणाचे फळ गोल. ते पिवळे होऊन, सुरकुतून, पाने झडलेल्या फांद्यांवर हिवाळाभर घोसांनी लटकत राहते. निष्पर्ण झाडावर पिवळ्या गोट्यांचे घोस दिसले तर तो कडुनिंब नव्हे.

या गोट्यांच्या आत पाच कंगोऱ्यांची कठीण आठळी असते आणि तिला मधोमध निसर्गतःच भोक असते. ओवण्यासाठी आयता मणी! भूमध्य सागराच्या काठच्या ख्रिस्ती देशांत त्यांच्या जपमाळा केल्या गेल्या. इटालियन आणि फ्रेंच भाषांत या झाडाला जपमाळेचे झाड असेच नाव पडले. आशियातून निघालेले हे झाड अशा रीतीने मठांच्या आणि चर्चच्या आवारात पोहोचले.

तेथून अमेरिका. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बकाण अमेरिकेच्या दक्षिण भागात रुजला. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आंद्रे मिशो याने १७८० च्या दशकात चार्ल्स्टनजवळ बाग उभारली होती. हे झाड तिकडे आणण्याचे श्रेय परंपरेने त्याला दिले जाते. टॉमस जेफर्सनच्या मॉन्टिसेलो येथील बागेतही ते होते. नावे पडली 'चायनाबेरी', 'प्राईड ऑफ चायना' आणि 'प्राईड ऑफ इंडिया'. भारताचा अभिमान म्हणून मिरवलेले हे झाड भारतात कोणाच्या अभिमानाचा विषय कधीच नव्हते, हा भाग वेगळा.

लोकप्रियतेचे कारण व्यावहारिक होते. दक्षिणेतील उन्हाळा कडक. बकाण झपाट्याने वाढतो, थोड्याच वर्षांत दाट सावली देतो, वाईट जमिनीतही तगतो आणि त्याला कीड फारशी लागत नाही. जमीनदारांच्या हवेल्यांपुढे तो लागला, तसाच गुलामांच्या आणि पुढे गरीब शेतकऱ्यांच्या झोपड्यांपुढेही लागला. टेक्सासमध्ये तर छत्रीसारखा घेर धरणारा त्याचा एक प्रकार खास सावलीसाठी जोपासला गेला. ज्या गुणामुळे कीड लागत नाही तोच गुण फळाला विषारी करतो, हे त्या काळी रसायनाच्या भाषेत कोणाला मांडता येत नव्हते. पण अंगणात डुकरे मोकाट फिरत असत आणि झाडाखाली फळांचा सडा पडत असे. उरलेले अनुभवाने शिकवले.

पक्ष्यांची गोष्ट निराळी. बुलबुल आणि कोकिळेसारखे फलाहारी पक्षी ही फळे खातात आणि बियांचा प्रसार करतात. अमेरिकेत मात्र फार फळे खाऊन रॉबिन पक्षी झिंगल्यासारखे जमिनीवर पडल्याची वर्णने जुन्या निसर्गलेखकांनी केली आहेत. उत्तर भारतात आणि हिमालयाच्या पायथ्याशी बकाणाचा पाला शेळ्यांना चारला जातो. एकच झाड कुठे चारा, कुठे विष! यातील विसंगती वरवरची आहे. विष प्रामुख्याने फळात साठते. पिकलेले फळ कच्च्यापेक्षा अधिक घातक असते. आणि झाडाझाडांत, प्रदेशाप्रदेशांत त्याचे प्रमाण बरेच बदलते. म्हणून 'आमच्या शेळ्यांना काही झाले नाही' ही साक्ष खरी असूनही पुरेशी ठरत नाही.

विषाला नाव मिळाले ते ऑस्ट्रेलियात. तेथे हे झाड निसर्गतःही वाढते आणि रस्त्याकडेला सावलीसाठीही लावतात. १९८३ साली तेथील संशोधकांनी फळांतून चार घटक वेगळे काढले आणि त्यांना 'मेलियाटॉक्सिन' हे नाव दिले. डुकरांवरील प्रयोगांत त्यांची विषबाधा सिद्ध झाली. हे घटक लिमोनॉइड या मोठ्या कुळातले. कडुनिंबातील सुप्रसिद्ध ॲझॅडिरॅक्टिन हे कीटकरोधक द्रव्यही त्याच कुळातले. ते १९६८ साली वेगळे काढण्यात आले. दोन झाडांचे गोत्र एक आहे, परंतु ॲझॅडिरॅक्टिन म्हणजे मेलियाटॉक्सिन नव्हे. कीटकाची कात टाकण्याची प्रक्रिया बिघडवणारे द्रव्य आणि सस्तन प्राण्याचे आतडे व मज्जासंस्था यांवर आघात करणारे द्रव्य यांत मोठे अंतर आहे.

आता मांजर. इतक्या दीर्घ इतिहासात डुकरे आहेत, शेळ्या आहेत, पक्षी आहेत. मांजर कुठेच नाही. हे मौन समजून घेण्यासारखे आहे.

भारतीय वाङ्मयात मांजर झाडापाशी पुष्कळदा भेटते. महाभारताच्या शांतिपर्वात एका प्रचंड वटवृक्षाच्या मुळाशी पलित नावाचा उंदीर राहतो आणि फांद्यांवर लोमश नावाचे मांजर. हितोपदेशात दीर्घकर्ण नावाचा बोका पर्कटीच्या झाडावरील पिले फस्त करतो आणि आळ येतो तो बिचाऱ्या आंधळ्या गिधाडावर. या कथांत झाडापासून मांजराला भय नाही. भय आहे ते मांजरापासून झाडावरील रहिवाशांना. शिकारी म्हणून जगणाऱ्या या प्राण्याला कोणी वनस्पती खाणारा मानलेच नव्हते.

प्राण्यांच्या हिताचा राज्यस्तरावर विचार झाला नव्हता असे नाही. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या गिरिलेखात माणसे आणि पशू या दोघांच्याही चिकित्सेची व्यवस्था केल्याचे, औषधी वनस्पती आणून लावल्याचे आणि रस्त्यांच्या कडेने झाडे लावल्याचे नमूद आहे. आज दिल्लीला फिरोजशाह कोटल्यात उभ्या असलेल्या स्तंभावरील सातव्या लेखात पशू आणि माणसे यांना सावली मिळावी म्हणून वड लावल्याचा उल्लेख आहे. सावलीचे झाड जनावरासाठीही असते, ही कल्पना इतकी जुनी आहे. (गंमत अशी की वडाच्याच प्रजातीतील, घरात कुंडीत लावला जाणारा 'वीपिंग फिग' हा मांजरांसाठी घातक वनस्पतींच्या आजच्या याद्यांत आहे, त्याचा चीक दाह करतो.)

परंतु पशुवैद्यक घडले ते ज्या पशूंवर राज्य आणि शेती अवलंबून होती त्यांच्यासाठी. पालकाप्याचा ग्रंथ हत्तींचा, शालिहोत्राची परंपरा घोड्यांची. युरोपातही तेच. १७६२ साली फ्रान्समधील लियों येथे आधुनिक पशुवैद्यकाचे पहिले विद्यालय निघाले ते घोडे आणि गुरे यांच्या चिंतेतून. मुंबईत परळला १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले तेव्हा शहराचे दळणवळण बैल आणि घोडे यांच्या खांद्यावर होते. या व्यवस्थेत मांजर आजारी पडले तर त्याची नोंद कोण ठेवणार? डुक्कर मेले की मालकाचे नुकसान होई, म्हणून डुक्कर कागदावर आले. मांजर कुंपणापलीकडे जाऊन मेले आणि कागदाबाहेर राहिले. नोंद नाही याचा अर्थ धोका नाही असा नव्हे, हा धडा इतिहासाच्या विद्यार्थ्याला इतर ठिकाणीही उपयोगी पडतो.

परिस्थिती पालटली ती विसाव्या शतकात. १९४७ साली अमेरिकेत एडवर्ड लो याने मांजरांच्या शौचासाठी शोषक मातीची पाकिटे विकायला आरंभ केला आणि मांजर चोवीस तास घरात राहू शकेल अशी सोय झाली. शिकारी घरबशा झाला. करमणुकीला आता कुंड्या, गॅलरीतील वेली आणि खिडकीतून आत आलेली डहाळी. चावून पाहणे ओघाने आलेच. १९७८ साली इलिनॉय विद्यापीठात प्राण्यांच्या विषबाधेसाठी स्वतंत्र केंद्र सुरू झाले. पुढे १९९६ मध्ये ते 'एएसपीसीए' या संस्थेकडे गेले. 'मांजरांसाठी विषारी वनस्पती' अशा ज्या याद्या आज सर्वत्र फिरतात त्यांचे एक मोठे उगमस्थान हे केंद्र आहे. त्या यादीत चायनाबेरी, म्हणजे बकाण, कुत्रा, मांजर आणि घोडा या तिन्हींसाठी विषारी म्हणून नोंदलेला आहे.

यादी 'विषारी' एवढेच सांगते. किती आणि कसे, ते सांगत नाही. मांजर पक्के मांसाहारी. पडलेली फळे पोटभर खाण्याची सवय कुत्र्याला आणि डुकराला, मांजराला नव्हे. त्यामुळे बकाणाखाली बसल्याने, त्यावर चढल्याने किंवा नखे घासल्याने मांजरावर संकट येत नाही. खरी जोखीम आहे ती गोल फळांशी खेळता खेळता ती चावणाऱ्या पिलाला, आणि त्याहून अधिक त्याच अंगणातील कुत्र्याला आणि रांगत्या मुलाला. लाळ गळणे, ओकाऱ्या, जुलाब, मलूलपणा, तोल जाणे, झटके ही लक्षणे दिसली तर घरगुती उतारा शोधत बसू नये; फळ सोबत घेऊन पशुवैद्याकडे जावे. फळ सोबत असले की नावाचा घोळ आपोआप टळतो.

आणि कडुनिंब? झाड म्हणून तो मांजराच्या वाटेला जात नाही. हज यात्रेकरूंना सावली मिळावी म्हणून मक्केजवळच्या अराफतच्या मैदानावर सुमारे ५०,००० कडुनिंब लावले गेले, इतका या सावलीवर जगाचा विश्वास. पण झाड निरुपद्रवी म्हणून त्याचे तेलही निरुपद्रवी, हा निष्कर्ष चुकीचा आहे. १९८१ साली मलेशियातील डॉक्टरांनी निंबोळीचे तेल पाजलेल्या तान्ह्या मुलांना झालेल्या गंभीर विषबाधेची हकीकत 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. घरोघरी औषध मानलेल्या पदार्थाची ती हकीकत होती.

मांजराच्या बाबतीत तेलाची भीती आणखी वाढते, आणि त्याचे कारण उत्क्रांतीच्या इतिहासात आहे. अनेक वनस्पतिजन्य द्रव्ये यकृतात निष्प्रभ करणाऱ्या एका विकराचे जनुक मांजराच्या कुळात निकामी झालेले आहे. २००० सालच्या सुमारास हे संशोधनातून स्पष्ट झाले. पिढ्यान्‌पिढ्या केवळ मांस खाणाऱ्याला त्या विकराची गरज उरली नव्हती. म्हणूनच माणसाला सोसणारी पॅरासिटामॉलची गोळी मांजराला मारते. शिवाय मांजर अंग चाटून स्वच्छ करते. पिसवांसाठी अंगाला चोपडलेले तेल तासाभरात पोटात जाते. 'नैसर्गिक आहे' म्हणून निंबतेल मांजराला लावण्याची जी टूम निघाली आहे, तिच्यापुढे अंगणातील बकाणाचा धोका किरकोळ म्हणावा लागेल.

बकाण अंगणात असेलच तर कुऱ्हाड आणण्याचे कारण नाही. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडी, फळे गळू लागली की, सडा झाडून काढावा आणि फळे उकिरड्यावर टाकण्याऐवजी पुरावीत. रोप विकत घेताना पाटीवरील नाव न वाचता पान उलगडून पाहावे : देठाला उपदेठ असतील तर ते बकाण, मग विक्रेता त्याला काहीही म्हणो. चैत्रात दोन्ही झाडे फुलतात, तेव्हा तर पानही पाहावे लागत नाही. पांढरा मोहर कडुनिंबाचा, जांभळा बकाणाचा. आणि पाडव्यासाठी डहाळी तोडायची ती पहिल्याची.